जबडा खोटा, गाव खरे

काटोलहून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र गाठायला सहाशे किलोमीटरांच्या आसपास अंतर तोडावे लागते. आमच्या बाजारात समुद्र येतो तो सुकट आणि सुक्या बोंबलांच्या रूपाने, आणि जाम नदीच्या डोहात शार्क शिरेल अशी धास्ती कोणी कधी घेतलेली नाही. असे असूनही आमच्या धर्मग्रामातील तरुण मुले ज्या चित्रपटांविषयी आम्हांला पुन:पुन्हा विचारतात, त्यांत माणसे खाणाऱ्या शार्कचे चित्रपट अग्रभागी आहेत. एके काळी ते भाड्याच्या कॅसेटवर येत. मग हिंदीत बोलू लागून केबलवर आले. आता ते प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहेत. प्रश्न मात्र बदललेला नाही. ‘फादर, असे खरेच घडते का?’

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. ‘खरे’ या शब्दाचे येथे दोन अर्थ आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने काव्याविषयी लिहिताना असे मत मांडले, की जे प्रत्यक्षात अशक्य आहे पण मनाला पटते, ते कवीने घ्यावे; जे शक्य आहे पण पटत नाही, ते टाळावे. सेमिनरीत हे वाचले तेव्हा आम्हांला तो नाटककारांना दिलेला व्यावहारिक सल्ला वाटला होता. शार्कपटांच्या बाबतीत तो थेट कसोटी म्हणून उपयोगी पडतो. आपल्याकडे भरतमुनींनी भयानक आणि बीभत्स हे दोन रस निराळे सांगितले, तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. भीती ही एक गोष्ट आणि किळस ही दुसरी. या प्रकारच्या चित्रपटांचा गेल्या पन्नास वर्षांचा प्रवास म्हणजे पहिल्या रसाकडून दुसऱ्याकडे झालेली घसरण, असे आमचे मत आहे.

आरंभ अर्थातच ‘जॉज’पासून करावा लागतो. पीटर बेंचली या अमेरिकन लेखकाची त्या नावाची कादंबरी १९७४ साली आली आणि स्टीव्हन स्पिलबर्ग या तेव्हा तिशीही न गाठलेल्या दिग्दर्शकाने १९७५ साली तिच्यावर चित्रपट केला. ॲमिटी नावाचे एक काल्पनिक बेट, उन्हाळ्याच्या सुट्टीतील पर्यटकांवर जगणारे. तेथे एक प्रचंड पांढरा शार्क येतो, माणसे मारतो, आणि शेवटी पोलीसप्रमुख ब्रोडी, मत्स्यशास्त्रज्ञ हूपर आणि क्विंट नावाचा म्हातारा कोळी असे तिघे त्याला मारायला निघतात.

प्राणिशास्त्राच्या परीक्षेत हा मासा सपशेल नापास होतो. चित्रपटातला शार्क पंचवीस फुटांचा आहे; खरा पांढरा शार्क वीस फुटांपर्यंत गेला तरी फार झाले. पडद्यावरचा मासा माणसाचे मांस चाखल्यावर त्याच किनाऱ्यावर ठाण मांडतो, होडीशी वैर धरतो, डावपेच लढवतो. खरा शार्क माणसाला भक्ष्य समजून त्याचा पाठपुरावा करीत नाही. पुष्कळदा तो एकदा चावतो आणि सोडून देतो. मृत्यू येतो तो बहुधा रक्तस्रावामुळे. फ्लोरिडा विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जगभरातील अशा घटनांची नोंद ठेवली जाते. तीनुसार माणसाने आगळीक न करता शार्क चावल्याच्या घटना साऱ्या पृथ्वीवर मिळून वर्षाला साधारण साठ-सत्तर होतात आणि मृत्यू सरासरी सहाच्या आसपास. २०२४ साली तर अशा घटना ४७ इतक्याच झाल्या. उलट माणूस शार्कला मारतो त्याचा शास्त्रज्ञांनी केलेला अंदाज वर्षाला सुमारे दहा कोटींचा आहे. कोणाचा भयपट कोणी काढायचा, असा प्रश्न माशांना पडला तर नवल नाही.

स्वत: बेंचली यांना हे पुढे कळले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी समुद्राच्या आणि शार्कच्या रक्षणासाठी बोलण्यात घालविली आणि आता जे ठाऊक आहे ते ठाऊक असताना अशी कादंबरी आपण लिहू शकलो नसतो, असे सांगितले. २००६ साली ते वारले. २०२२ साली स्पिलबर्ग यांनीही, या कादंबरी-चित्रपटामुळे शार्कची जी हानी झाली तिचा आपल्याला खेद वाटतो, असे एका मुलाखतीत म्हटले. कलाकृतीने केलेल्या अन्यायाची अशी कबुली तिच्या कर्त्यांनी द्यावी, हे साहित्यात क्वचितच घडते.

आणि तरीही ‘जॉज’ खोटा चित्रपट नाही. एक तर त्यातला जो प्रसंग प्रेक्षकांना अतिरंजित वाटतो, म्हणजे शार्क खुल्या समुद्रातून आत खाडीच्या शांत पाण्यात शिरतो तो, त्याला इतिहासाचा आधार आहे. १९१६ सालच्या जुलै महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यावर शार्कने पाच जणांवर हल्ले केले, चौघे दगावले. त्यांपैकी दोघांवर हल्ला झाला तो समुद्रात नव्हे, मॅटावान नावाच्या अरुंद खाडीत. एक होता अकरा वर्षांचा मुलगा आणि दुसरा त्याचा देह शोधायला पाण्यात उतरलेला तरुण. आपल्या महाराष्ट्रातही १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे धरणाऱ्या एका माणसाच्या पायाला शार्कने जबर चावा घेतला. तो मासा बुल शार्क जातीचा असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. या जातीचे वैशिष्ट्यच असे, की ती गोड्या पाण्यात राहू शकते आणि नदीमुखातून बरीच आत येते. मनोरच्या घटनेचे चित्रीकरण मोबाइलवरून आमच्यापर्यंत आले तेव्हा आमच्या मुलांचा पहिला उद्गार ‘जॉज!’ असाच होता. खरी घटना चित्रपटासारखी वाटावी, ही आजच्या काळाची गंमत की दुर्दैव, कोण जाणे.

परंतु खाडीचा प्रसंग हा झाला तपशील. ‘जॉज’चे खरेपण माशात नाही, गावात आहे. पहिला मृत्यू झाल्यावर ब्रोडी किनारा बंद करायला निघतो, तेव्हा नगराध्यक्ष त्याला अडवतो. हा नगराध्यक्ष खलनायक नाही, हे स्पिलबर्गचे मोठेपण. तो हसतमुख आहे, लोकांत मिसळणारा आहे, त्याची स्वत:ची मुले त्याच किनाऱ्यावर असतात. त्याला फक्त सुट्टीचा हंगाम बुडवायचा नाही. दुकानदार, खानावळवाले, घरे भाड्याने देणारे सर्वांनाच तो बुडवायचा नाही. मग शवविच्छेदनाचा अहवाल बदलतो, शार्कऐवजी होडीच्या पंख्याचे नाव पुढे येते आणि किनारा उघडा राहतो. दुसरा बळी जातो तो एका लहान मुलाचा.

त्यानंतरचा प्रसंग आम्ही या साऱ्या चित्रपटप्रकारातला सर्वश्रेष्ठ मानतो, आणि त्यात शार्क नाही, पाणी नाही, रक्ताचा थेंब नाही. काळे कपडे घातलेली ती आई धक्क्यावर येते आणि सर्वांसमक्ष ब्रोडीच्या थोबाडीत मारते. आधीच एक मुलगी मेली आहे हे ठाऊक असताना तू किनारा उघडा ठेवलास, म्हणून माझा मुलगा गेला, एवढेच तिचे म्हणणे. ती निघून गेल्यावर नगराध्यक्ष ब्रोडीची समजूत घालतो, की तिचे चुकले. ब्रोडी म्हणतो, नाही, तिचे चुकलेले नाही. हुकूम नगराध्यक्षाचा होता. पण मान्य केला तो आपण, हे त्याला कळते. अपराधाची अशी नेमकी, स्वत:ला न गोंजारणारी कबुली धर्मोपदेशातसुद्धा सहजी सापडत नाही. त्यानंतर तो होडीत बसून जातो, पाण्याची भीती वाटत असूनही जातो, ते या कबुलीमुळे. मासा मारणे ही केवळ पुढची कामगिरी.

भीतीच्या तंत्राविषयी थोडे सांगायला हवे. चित्रीकरणासाठी बनवलेला यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडू लागला, म्हणून दिग्दर्शकाला तो दाखविता येईना. तासाभराहून अधिक वेळ मासा धड दिसतच नाही. दिसतात ती पाण्यावर ओढली जाणारी पिंपे, आणि ऐकू येतात जॉन विल्यम्सने रचलेले दोन स्वर. प्रेक्षक आपला मासा आपणच तयार करतो. जे खरे मासे पडद्यावर येतात त्यांचे चित्रण ऑस्ट्रेलियात रॉन आणि व्हॅलरी टेलर या दांपत्याने केले. खरा शार्क पुरेसा मोठा दिसेना, म्हणून छोटा पिंजरा करून त्यात ठेंगणा माणूस उतरविण्यात आला. सत्याला मोठे करण्यासाठी माणसाला लहान करावे लागले.

पुढच्या चित्रपटांची मोजदाद करण्यात अर्थ नाही. १९८७ सालच्या ‘जॉज : द रिव्हेंज’मध्ये शार्क एका कुटुंबाचा सूड घेण्यासाठी बहामापर्यंत जातो आणि चक्क गर्जना करतो, शार्कला आवाज काढण्याचे इंद्रियच नाही. १९९९ च्या ‘डीप ब्लू सी’मध्ये प्रयोगशाळेत मेंदू वाढविलेले शार्क आहेत. २०१३ च्या ‘शार्कनेडो’त ते चक्रीवादळातून शहरावर बरसतात, येथे निदान कोणी आपल्याला फसवीत नाही. २०१८ च्या ‘द मेग’मधील मेगालोडॉन हा मासा एके काळी खराच होता, पण सुमारे छत्तीस लाख वर्षांपूर्वी तो पृथ्वीतलावरून नाहीसा झाला. या सर्वांत किळस भरपूर आहे, भय थोडे, आणि गाव अजिबात नाही. ज्या माणसांना गाव नाही, आई नाही, उधारी नाही, ती मेली काय अन् राहिली काय!

एक अपवाद करावा असा चित्रपट म्हणजे २००३ सालचा ‘ओपन वॉटर’. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळ-रांगांजवळ पाण्यात बुडी मारायला गेलेले एक अमेरिकन पतिपत्नी, परत निघताना होडीवाल्यांच्या मोजणीत चूक झाल्याने, भर समुद्रात मागे राहिले. दोन दिवस कोणाच्या लक्षातही आले नाही. त्यांचे देह कधीच सापडले नाहीत. चित्रपटात खरे शार्क वापरले आहेत. भीतीही खरी आहे: कंटाळा, तहान, जेलीफिशचे डंख, ‘तुझ्यामुळेच झाले’ हे भांडण, मग एकमेकांचा हात धरणे. विवाहित जोडप्यांनी पाहावा असा हा चित्रपट आहे, असे आम्ही म्हटले तर वाचक हसतील. पण आम्ही थट्टा करीत नाही. आमचा आक्षेप शेवटाला आहे. ती दोघे कशी मेली हे कोणालाही माहीत नाही. चित्रपट मात्र ते माहीत असल्यासारखा दाखवतो. नावे बदलली आहेत हे खरे, पण खऱ्या माणसांचा अज्ञात मृत्यू आपल्या सोयीने भरून काढण्याचा हक्क दिग्दर्शकाला कोणी दिला? पाणी आणि आकाश दाखवून थांबता आले असते.

आता आपल्या घरच्या शार्ककडे वळू. ‘आतंक’ नावाचा हिंदी चित्रपट १९९६ साली प्रदर्शित झाला. धर्मेंद्र, हेमामालिनी, विनोद मेहरा, अमजद खान. तो इतकी वर्षे रखडला होता, की पडद्यावर आला तेव्हा विनोद मेहरा (निधन १९९०) आणि अमजद खान (निधन १९९२) हयात नव्हते. कथा किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वस्तीची. नायकांची नावे जेसू आणि पीटर. काळ्या मोत्यांवर डोळा ठेवणारा गुंड अल्फान्सो. आणि पीटरच्या नवविवाहित पत्नीला गिळणारा शार्क.

या चित्रपटातल्या रबरी माशाची पुष्कळांनी टिंगल केली आहे. ती आम्ही करीत नाही. मासा रबराचा असला तर बिघडत नाही. ‘जॉज’चाही यंत्राचाच होता. बिघडते ते माणसे रबराची असली म्हणजे. येथे ख्रिस्ती असणे म्हणजे अंगावर घातलेले नाव. हिंदी चित्रपटाने ‘बॉबी’पासून (१९७३) ख्रिस्ती कोळ्याचा जो नमुना पाडला, दिलदार, दारूबाज, थोडा हास्यास्पद, त्याच साच्यातून हे कुटुंब येते. वसई, अर्नाळा, उत्तन या किनाऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जाणारी ख्रिस्ती माणसे आहेत. त्यांच्या बोलीत शार्कसाठी ‘मुशी’, ‘मोरी’ असे शब्द आहेत, आणि त्या शब्दांत राक्षस नाही, रात्रीचे कालवण आहे. त्यांना शार्कची नव्हे, वाऱ्याची भीती वाटते. भरती-ओहोटीचे गणित, डिझेलचा भाव, जाळ्याचे कर्ज, मोठ्या यांत्रिक नौकांनी खरवडून नेलेला समुद्र, पावसाळ्याच्या बंदीतले रिकामे महिने, यांपैकी काही एक या चित्रपटांच्या किनाऱ्याला ठाऊक नाही. ‘जॉज’ने निदान आपले गाव ओळखले होते. ‘आतंक’ला आपले गाव माहीत नाही, मग त्याच्या माशाला कोण भिणार?

समुद्रावरचा खरा आतंक पाहायचा तर १७ मे २०२१ ची रात्र आठवावी. तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तरांहून अधिक मेली. बाकीची माणसे अंगात तरंगजाकीट घालून, हातांची साखळी करून काळोखात तासन्‌तास तरंगत राहिली आणि नौदलाने त्यांना उचलले. वादळाचा इशारा आधीच्या काही दिवसांपासून होता. ॲमिटीच्या नगराध्यक्षाची आठवण होण्यासाठी येथे शार्कची गरज नाही.

आमच्या भागाचे म्हणाल तर आम्हांला पाण्यातला नव्हे, रानातला शिकारी परिचित आहे. यवतमाळ जिल्ह्यात ‘अवनी’ नावाने ओळखली गेलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारली गेली. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. या प्रकरणाची आठवण करून देणारा अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ (२०२१) हा चित्रपट आम्हांला ‘जॉज’चा खरा भारतीय वारस वाटतो. त्यात वाघीण फारशी दिसतच नाही. दिसतात निवडणुकीसाठी तिचा उपयोग करणारे दोन पुढारी, ट्रॉफीसाठी आसुसलेला शिकारी, बदलीला घाबरणारे साहेब आणि आपले काम नीट करू पाहणारी एक वनाधिकारी. जनावराचा मागोवा घेता घेता माणसे उघडी पडतात. तोटा एवढाच, की हा चित्रपट इतका संयमी आहे, की ज्या घरातला माणूस गेला त्या घराची भीती त्यात पुरेशी येत नाही. पहाटे कापसाच्या शेतात एकटी जाणारी बाई आणि शहरात बसून वाघासाठी मेणबत्त्या लावणारी माणसे यांच्यातले अंतर विदर्भात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आणि पाण्याचे म्हणाल, तर शेजारच्या मोवाडला ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने २०४ माणसे नेली. आमच्या भागातील वडीलधाऱ्यांना ‘पाण्याची भीती’ म्हटल्यावर तोच दिवस आठवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात. त्या मृत्यूंना पार्श्वसंगीत नसते.

योगायोग असा, की ‘जॉज’मधील सर्वांत गाजलेल्या भाषणाचा संबंधही ३० जुलै याच तारखेशी आहे. रात्री होडीत बसून क्विंट, रॉबर्ट शॉ या नटाने अविस्मरणीय केलेला क्विंट, ‘इंडियानापोलिस’ या युद्धनौकेची कहाणी सांगतो. अणुबाँबचे भाग टिनियन बेटावर पोहोचवून परतताना ती बुडविली गेली, अकराशे माणसे पाण्यात पडली, तीनशे सोळा वाचली, उरलेली शार्कने नेली. अंगावर काटा येतो. पण हिशेब तपासला पाहिजे. भाषणात तारीख २९ जून सांगितली आहे. नौका बुडाली ३० जुलै १९४५ रोजी, मध्यरात्रीनंतर लगेच, जपानी पाणबुडीच्या माऱ्याने. तिच्यावर सुमारे ११९५ माणसे होती, त्यांपैकी तीनशेच्या आसपास नौकेबरोबरच बुडाली. पाण्यात राहिली ती नऊशेच्या जवळपास. वाचलेल्यांचा आकडा ३१६ हा बरोबर आहे. पण उरलेल्या बहुतेकांना शार्कने नेले नाही; ती माणसे जखमांनी, उन्हाने, तहानेने आणि खारे पाणी प्यायल्याने झालेल्या भ्रमाने मेली. शार्कने मारलेल्यांचे अंदाज काही डझनांपासून दीडशेपर्यंत जातात. चौथ्या दिवशी एका विमानाला ती माणसे योगायोगाने दिसली. तोवर त्यांना कोणी शोधतही नव्हते.

आणि एक माणूस त्या भाषणात नाही. फादर थॉमस कॉनवे, बफेलो धर्मप्रांताचे धर्मगुरू, नौकेवरचे आध्यात्मिक सेवक, वय सदतीस. वाचलेल्यांनी पुढे सांगितले, की हा मनुष्य तरंगणाऱ्या एका घोळक्याकडून दुसऱ्या घोळक्याकडे पोहत जात होता. प्रार्थना म्हणत होता, मरणाऱ्यांजवळ थांबत होता, भ्रमाने दूर पोहत निघालेल्यांना परत आणीत होता. असे तीन दिवस चालले. मग त्यांची शक्ती संपली आणि ते गेले. शार्क तेथे होते. फादर कॉनवे यांना ते दिसतही असणार. २०२१ साली, म्हणजे मृत्यूनंतर पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावर, अमेरिकेच्या नौदलाने त्यांना ‘नेव्ही क्रॉस’ हा सन्मान मरणोत्तर दिला.

क्विंटच्या तोंडी हे नाव घालायला हवे होते, अशी आमची तक्रार नाही. क्विंट हा शार्कचा द्वेष करून जगणारा माणूस आहे. त्याला त्या पाण्यात शार्कच आठवणार, आणि ते पात्राला धरूनच आहे. पण प्रेक्षकाने क्विंटच्या आठवणीला इतिहास समजू नये.

येत्या मे महिन्याच्या सुट्टीत मोठ्या मुलांसाठी (पहिला प्रसंग लहानांसमोर दाखविण्याजोगा नाही) चर्चच्या सभागृहात ‘जॉज’ लावायचे ठरले आहे. होडीतले ते भाषण संपले, की पुढचा हल्ला सुरू होण्याआधी आम्ही यंत्र पाच मिनिटे बंद करणार आहोत आणि फादर कॉनवे यांच्याविषयी सांगणार आहोत. मुले कुरकुरतील, हे आम्हांला ठाऊक आहे.